टाकीत तेल, तरी घर गार: तेलावरच्या रेंजसोबत एक हिवाळा, एक उन्हाळा

आमच्यासारख्या तेलावरच्या रेंजला, म्हणजे स्वयंपाक, घर तापवणं आणि गरम पाणी हे सगळं करणाऱ्या बिडाच्या मोठ्या चुलीला, वीज लागते. पहिल्याच ओळीत हे लिहिते, कारण आम्ही ज्या शोरूममधून ती घेतली तिथे रंग, हँडल, ओव्हनची मापं, हप्ते यावर भरपूर बोलणं झालं, पण हे एक वाक्य कुणाच्या तोंडून आलं नाही. तिच्यातला प्रेशर जेट बर्नर, म्हणजे तेल दाबाने फवारून जाळणारा भाग: पंखा, पंप, ठिणगी पाडणारा ट्रान्सफॉर्मर आणि कंट्रोल बॉक्स. वीज गेली की सगळंच थांबतं. टाकी काठोकाठ भरलेली असली तरी स्वयंपाकघरात उरतं ते काही क्विंटल गार बीड.

आम्ही आयर्लंडमध्ये रॉसकॉमन परगण्यात, गावाबाहेर राहतो. गॅसची लाइन इथे नाही. नवऱ्याची नोकरी गॉलवेला वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात, माझं काम घरून. डब्लिनची भाडी परवडेनात म्हणून इकडे घर घेणारे मराठी लोक आता बरेच दिसतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमची रेंज दोन बर्नरची आहे, एक स्वयंपाकाला आणि एक रेडिएटर व गरम पाण्याला. बाकीचे आकडे कंपनीच्या कागदावर मिळतील.

घरात आधी टर्फवर, म्हणजे दलदलीतून काढून वाळवलेल्या पीटच्या विटांवर, चालणारी जुनी रेंज होती. ती काढून नवी बसवायला जेवढा खर्च आला तो रेंजच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त होता, आणि त्यातला एक युरोही मी वाया गेला म्हणणार नाही. वर्षानुवर्षं टर्फ जळून धुराड्यात डांबर साठलं होतं. ते साफ करून आतून स्टेनलेस स्टीलचा लवचिक लाइनर, म्हणजे धूर वाहून नेणारी नळी, सोडला. तो न घालता थेट जोडून देतो म्हणणारा एकजण भेटला होता. त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. काम कराल तर ऑफटेकची (तेलावरची उपकरणं बसवणाऱ्यांची नोंदणी करणारी संस्था) नोंदणी असलेल्या माणसाकडूनच करा आणि शेवटी सहीचं प्रमाणपत्र घ्या, घराचा विमा करताना ते मागतात.

टाकी बंडेड हवी, म्हणजे टाकीभोवती दुसरी टाकी, आणि बाहेरच्या टाकीत आतल्याच्या 110 टक्के तेल मावलं पाहिजे. साध्या एकपदरी टाकीत चांगले पैसे वाचत होते. पण आमचं पिण्याचं पाणी आमच्याच बोअरवेलचं आहे. केरोसिन एकदा जमिनीत मुरलं की ती बोअर कायमची गेली समजा. तिथे मी काटकसर केली नाही, तुम्हीही करू नका. तेलाच्या नळीवर घराबाहेर फायर व्हॉल्व्ह बसतो. रेंजच्या आतलं तापमान भलतंच वाढलं तर तो तेल बाहेरच्या बाहेर तोडतो. स्वयंपाकघरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही लावला.

आता स्वयंपाक. पहिल्या काही आठवड्यांत मी मैत्रिणींना जे सांगत होते ते असं: हॉटप्लेट बिडाची आणि अगदी सपाट आहे, आपला खोलगट तवा तिच्यावर फक्त मधोमध टेकतो, कडा अधांतरी. पोळीचा मध्य करपतो आणि कडा कच्च्या राहतात. फुलका फुलवायला ज्वाळ नाही. गार रेंज तापायला अर्ध्या तासाच्या वर लागतो. आपल्या स्वयंपाकाला ही वस्तू निरुपयोगी आहे, घेऊ नका.

ते मत मी मागे घेतलं, आणि त्याचं श्रेय माझ्या सासूबाईंना. त्या नोव्हेंबरात बार्शीहून आल्या. माझी सपाट तव्याची शोधाशोध त्यांनी पाहिली, हॉटप्लेटवरून हात फिरवून आच अजमावली आणि म्हणाल्या, ‘अगं, एवढा मोठा तवा दिलाय त्यांनी, त्याच्यावर आणखी तवा कशाला?’ प्लेट तारेच्या ब्रशने घासून पुसली आणि भाकरी थेट तिच्यावर टाकली. वरून पाणी फिरवलं, पाणी सुकत आलं तशी उलटली, आणि दुसरी बाजू भाजल्यावर ओव्हनच्या तळावर सरकवली. ओव्हन अडीचशे अंशांच्या जवळ होता. भाकरी टम्म फुगली.

तेव्हापासून आमच्याकडे भाकरी अशीच होते. बर्नरच्या बाजूचं प्लेटचं टोक जास्त तापतं, दुसरं मंद राहतं. जास्त आचेवर एक आणि मंद टोकाला एक अशा दोन भाकरी एकाच वेळी पुढे सरकतात. मध्ये पीठ मळायला थांबलात तर झाकण पाडा, नाहीतर प्लेटची उष्णता छताकडे जाते. पोळीसाठी डोशाचा जाड सपाट तवा चालतो, पण सासूबाई पोळ्याही थेट प्लेटवर करतात, तेल मात्र पोळी उतरवून लावतात. प्रेशर कुकर जास्त आचेच्या टोकावर ठेवायचा, शिट्टी आली की उचलून मंद टोकाला. इथे गॅसची चावी नाही, भांडं सरकवणं हीच चावी. हे हाताला बसलं की वरण उतू जात नाही. आणि आयर्लंडच्या हिवाळ्यात जे दही मला कधी जमलं नव्हतं ते रेंजशेजारच्या फळीवर रात्रीत लागतं, इडलीचं पीठ सकाळपर्यंत वर येतं. ओल्या देशात मुलाच्या शाळेचे कपडे समोरच्या दांडीवर सुकतात. गारठून आलेला माणूस दाराशी कोट काढतो तो सरळ रेंजला पाठ लावून उभा राहतो. या सुखाची किंमत मला लावता येत नाही.

नुसत्या फोडणीसाठी मात्र एवढं लोखंड तापवणं मला अजून पटत नाही. त्यासाठी छोटी इंडक्शन शेगडी शेजारी ठेवलीय.

डिसेंबरच्या शेवटी मला विचारलं असतं तर मी पाचपैकी पाच दिले असते. मग 24 जानेवारी 2025 ला एओविन वादळ आलं. गॉलवे परगण्यात मेस हेडला ताशी 180 किलोमीटरच्या वर वाऱ्याची नोंद झाली. देशभरात 7 लाख 68 हजार घरं आणि दुकानं अंधारात गेली, आणि सगळ्यात जास्त मार आमच्या या पश्चिम-उत्तर पट्ट्याला बसला. काही घरांना वीज परत यायला दोन आठवड्यांहून जास्त लागले. आमची त्यापेक्षा लवकर आली, पण तोवर आम्ही जे सोसलं ते टाळता येण्यासारखं होतं. बोअरचा पंप विजेवर, म्हणून पाणी नाही. हीटिंग नाही. दोन बर्नर असलेल्या रेंजवर एक कप चहा नाही. बाहेर टाकीत सातशे लिटर केरोसिन. घरात पाच वर्षांचं मूल आणि संधिवाताने बोटं आखडलेल्या सासूबाई.

शेजारच्या बाईंकडे टर्फवरची जुनी स्टॅनली कंपनीची रेंज आहे. वीज गेल्याचं त्यांच्या रेंजला कळलंसुद्धा नाही. मागच्या बॉयलरमधलं तापलेलं पाणी जाड नळ्यांतून आपोआप वर गरम पाण्याच्या टाकीत चढत होतं, त्याला पंप लागत नाही. आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात जेवलो आणि रात्रीही बसलो. त्या बाईंचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण तिथे बसून माझ्या डोक्यात एकच विचार घोळत होता. आमच्याच धुराड्याखाली अशीच रेंज होती, ती आम्ही पैसे देऊन काढायला लावली, आणि नवी विकणाऱ्यांनी या एका फरकाबद्दल अवाक्षर काढलं नाही. तेलावरचे सगळेच बर्नर असे नसतात. जुन्या व्हेपोरायझिंग बर्नरमध्ये तेल नुसतं उतारावरून भांड्यात येतं आणि वाफ होऊन जळतं, त्यातले काही प्रकार विजेशिवाय चालतात. त्यांची काजळी वर्षातून दोनदा काढावी लागते, पण ती निवड समोर ठेवायला हवी होती. वारंवार वीज जाणाऱ्या भागात घर आहे हे आम्ही पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.

वीज आली तेव्हा हीटिंगचा बर्नर घरघरला, ठिणगीची तडतड ऐकू आली, आणि कंट्रोल बॉक्सवरचं लाल बटण पेटलं. लॉकआउट, म्हणजे बर्नरने स्वतःला बंद करून घेतलं. ते बटण एकदा दाबून पाहा, पण पुन्हा पुन्हा दाबू नका. दर वेळी न जळलेलं तेल आत साचतं आणि नंतर पेटताना दणका बसतो. सर्व्हिसला फोन केला तर यादीत नाव टाकलंय म्हणाले. घर गार, आणि आम्ही यादीत. शेवटी त्यांचा माणूस आला, वर पाहून म्हणाला की धुराड्यावरचं काउल, म्हणजे तोंडावरची टोपी, वाऱ्याने उडालंय, म्हणजे हे वादळाचं नुकसान, वॉरंटीत बसत नाही. भेटीचे पैसे लावले आणि लाल दिवा तसाच ठेवून गेला.

ते काउल शोरूमच्याच माणसांनी बसवलेलं होतं. बिलात त्याची ओळ वेगळी आहे, मजुरीसकट. वादळात शेजारच्या कुणाचंही काउल हललं नाही, आमचंच उडालं, कारण पट्टी नीट आवळलेली नव्हती. हे मी म्हणत नाही, नंतर ज्या दुसऱ्या तंत्रज्ञाला बोलावलं त्याने मोकळी पट्टी हातात देऊन दाखवलं. आयुष्यभर बर्नर दुरुस्त केलेला म्हातारा माणूस. त्याने सांगितलं की उघड्या लाइनरमधून वारा उलटा आत आला, काजळी बर्नरवर बसली, ज्वाळ ओळखणाऱ्या फोटोसेलला ती दिसेना, आणि ज्वाळ दिसली नाही की कंट्रोल बॉक्स तेल तोडतो. यंत्र आपलं काम चोख करत होतं. त्याने फोटोसेल पुसला, नोझल (तेल फवारणारं तोंड) बदलला, नवं काउल घट्ट बसवलं, धुराचं मोजमाप केलं आणि कागद छापून दिला. कार्बन डायऑक्साइड बारा टक्क्यांच्या जरा खाली, स्मोक नंबर, म्हणजे धुरातल्या काजळीचं माप, शून्य. सर्व्हिस करणाऱ्याकडून हा कागद दरवर्षी मागा. कागद न देणारा माणूस नुसतं झटकून जातो.

मग मी बिलाची आणि त्या पट्टीच्या फोटोची प्रत जोडून शोरूमला पत्र लिहिलं, आणि आयर्लंडच्या 2022 च्या ग्राहक हक्क कायद्यात सेवा योग्य कौशल्याने देण्याची जबाबदारी आहे याची आठवण करून दिली. भेटीचे पैसे परत आले. काउलचे नाही. मी अजून मागतेय.

तेलाचा हिशेब. हीटिंगच्या बर्नरच्या नोझलवर 0.60 लिहिलंय, म्हणजे 100 पीएसआय दाबाला तासाला 0.6 अमेरिकन गॅलन, साधारण सव्वादोन लिटर. दाब वाढवला की त्याहून जास्त. चार तास सलग जळला की नऊ लिटर, आणि लिटरचा भाव तेव्हा युरोच्या आसपास होता. हा आकडा नवऱ्याने फ्रिजवर चिकटवला तेव्हापासून घरात स्वेटर घातले जातात. बेडरूमच्या रेडिएटरचे व्हॉल्व्ह खाली आणले आणि तेवढ्याने फरक पडला. टाकीला बॅटरीवरचा गेज मिळतो, मी घेतला नाही. रविवारी काठी बुडवते आणि वहीत लिहिते. 1 मे 2025 पासून घरगुती तेलावरचा कार्बन कर टनाला 56 वरून 63.50 युरो झाला. हजार लिटरमागे वीसेक युरोचा फरक, म्हणून एप्रिलमध्येच टाकी भरून घेतली. उन्हाळ्यात रेंज बंदच असते, स्वयंपाक इंडक्शनवर आणि पाणी रात्रीच्या स्वस्त विजेवर इमर्शनने, म्हणजे पाण्याच्या टाकीतल्या विजेच्या हीटरने.

विजेचा तोडगा इतका सोपा निघाला की त्याचाच जास्त राग आला. महाराष्ट्रात भारनियमनाची वर्षं काढलेल्या कुणालाही इन्व्हर्टर सांगावा लागत नाही, सासूबाईंनीच वीज गेल्याच्या पहिल्या संध्याकाळी विचारलं होतं, ‘इथे कुणाकडे इन्व्हर्टर नसतो का गं?’ बर्नरची मोटर नव्वद-शंभर वॅटच्या घरातली, पाणी फिरवणारा पंप त्याहून बराच कमी. एक किलोवॅट-तासाची, शुद्ध साइन वेव्ह देणारी बॅटरी एक संध्याकाळ सहज काढते, कारण बर्नर सतत जळत नाही. इलेक्ट्रिशियनने भिंतीतला फ्यूज्ड स्पर (वायर कायमची जोडणारा बिनप्लगचा स्विच) काढून तिथे सॉकेट आणि तीन पिनांचा प्लग दिला. वीज गेली की प्लग काढायचा, बॅटरीत घालायचा. घराच्या वायरिंगला हात लागत नाही, त्यामुळे बाहेर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनलाही धोका नाही. बॅटरी गाडीत चार्ज होते. परवा मेन स्विच पाडून बघितलं. दोन्ही बर्नर पेटले, रेडिएटर तापले.

रेंज मी ठेवणार आहे, पाचपैकी चार देते, आणि शोरूमला एकही नाही. नवी घेत असाल तर हा प्लग बसवतानाच करून घ्या. तेव्हा इलेक्ट्रिशियन घरात असतोच आणि काम थोड्या वेळाचं असतं. आम्हाला त्यासाठी वेगळी भेट आणि वेगळे पैसे मोजावे लागले.