कर्ज फिटल्यावर फसलो

लातुरात औसा रोडला माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. बोअरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायच्या, एवढंच काम. २०२० ला लॉकडाऊन लागलं तेव्हा अंगावर दोन कर्जं होती. एक गाडीचं, दुसरं एका फायनान्स कंपनीचं दीड लाखाचं पर्सनल लोन. रिझर्व्ह बँकेनं हप्त्यांना दिलेली सवलत ऑगस्टअखेर संपली आणि माझे हप्ते थकायला लागले. वसुलीची पोरं गिऱ्हाइकासमोर येऊन बसायची. शेवटी २०२२ मध्ये कंपनीच म्हणाली, एकरकमी एवढे भरा, राहिलेलं सोडून देऊ. बायकोची पोत मोडली आणि भरले. पुढच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर गाडीचंही फिटलं. त्या दिवशी घरी पुरण शिजलं होतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये वाइंडिंग मशीन आणि तांब्याच्या तारेसाठी मुद्रा लोन मागायला बँकेत गेलो. साहेबांनी माझा सिबिल काढला, म्हणजे आपण कर्ज कसं फेडतो त्यावरून निघणारा आकडा, आणि स्क्रीन माझ्याकडं फिरवली. ५७१.

"हा आकडा ३०० ते ९०० मध्ये असतो. आम्ही साडेसातशेच्या आसपास बघतो," ते म्हणाले. "एका कर्जापुढं सेटल्ड आहे, अन् गाडीचं तर अजून चालूच दिसतंय."

"साहेब, सगळं फिटलंय."

"ते तुम्हाला माहीत. इथं दिसत नाही."

आपल्याकडं सेटलमेंट झाली म्हणजे भानगड मिटली. सिबिलमध्ये त्याच शब्दाचा अर्थ निघतो की या माणसानं पूर्ण पैसे दिले नाहीत, कंपनीनं तोटा सोसला. हे मला पोत मोडायच्या आधी कुणी सांगितलं असतं तर उरलेल्या रकमेसाठी आणखी सहा महिने मागून घेतले असते.

बँकेबाहेर विजेच्या खांबावर कागद चिकटवला होता: सिबिल क्लियर, १५ दिवसांत ७५०, पैसे कामानंतर. फोन केला. पोरगा तिशीच्या आतला, बोलायला गोड, पहिल्याच वाक्याला "काका" म्हणाला. गंजगोलाईत चहा पाजला, पैसेही त्यानंच दिले. मग आधार, पॅन आणि "फाईल चार्ज" म्हणून २,५०० घेतले. पैसे कामानंतर होते ना? "ते कामाचे, काका. हे फाईलचे."

माझ्यासमोरच मोबाईलवर त्यानं माझ्या पॅनवर सिबिलचं खातं उघडलं. ईमेल मात्र स्वतःचा टाकला. ओटीपी माझ्या फोनवर आला, तो मीच वाचून दाखवला. आठवड्यानं आणखी ५,००० मागितले, "आतल्या साहेबांना" द्यायला. खरं सांगतो, हे पैसे कशाचे ते मला कळत होतं. चहापाण्यानं काम होतंय तर होऊ दे, असा विचार करून दिले. त्यामुळंच नंतर पोलिसांत जायला पाय उचलेना.

खरा फटका तिसऱ्या वेळी बसला. तो म्हणाला, नवं छोटं लोन घेऊन वेळेवर फेडलं की स्कोअर चढतो. यात थोडं खरं आहे, म्हणूनच गळी उतरलं. त्यानं माझ्या नावावर चार-पाच ॲपवर अर्ज टाकले, एकानं १५,००० दिले. पैसे माझ्या खात्यात आले आणि मी ते त्याला पाठवले, कारण हप्ते "सिस्टीममधून" तोच भरणार होता. त्यानं एक भरला. दुसऱ्या महिन्याचा हप्ता माझ्या खात्यातून कापायला आला, शिल्लक नव्हती, बाउन्स झाला. फिटलेल्या माणसाच्या नावावर पुन्हा थकबाकी.

तोवर त्यानं व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवला होता, स्कोअर ७५६. मी तो घेऊन परत त्याच साहेबांकडं गेलो. त्यांनी नुसती पानं चाळली. वर ७५६, आतल्या पानावर सेटल्ड जसंच्या तसं, आणि तारीख फेब्रुवारीची. माझाच जुना रिपोर्ट, फक्त आकडा बदललेला. त्यांनी नव्यानं काढला तर ५४३. आठवड्यात एवढ्या ठिकाणी कर्ज मागितलं की चौकशांची नोंद होते आणि स्कोअर आणखी घसरतो, हे त्यांनीच सांगितलं. पोराचा फोन त्या दिवसापासून बंद.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, ठाण्यातही अर्ज दिला. पैसे गेल्या गेल्या १९३० ला कळवलं तर पुढच्या खात्यात अडवता येतात. मी दोन महिन्यांनी गेलो, तिथं अडवायला काय राहणार?

मग जे केलं त्यात एजंट कुठंच लागला नाही. सिबिल धरून अशा चार कंपन्या आपल्या देशात आहेत आणि प्रत्येकीनं वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा २०१७ पासूनचा नियम आहे. चूक कळवायलाही पैसे पडत नाहीत. पुतण्याला घेऊन बसलो. माझ्या पॅनवर आधीच खातं असल्यानं सिबिलकडं तक्रार करून पहिल्यांदा ईमेल बदलून घ्यावा लागला. गाडीच्या कर्जाचा बेबाकी दाखला, म्हणजे काही बाकी नाही असं पत्र, जोडून चूक कळवली, महिन्याच्या आत ते बंद दिसायला लागलं. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे, आणि त्यापुढं रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. माझ्यावर ती वेळ आली नाही.

सेटल्डचं काम सोपं नव्हतं. ती नोंद चूक नव्हतीच, त्यामुळं कळवून उपयोग नाही. फायनान्स कंपनीत जाऊन विचारलं, सोडून दिलेले किती? ३१,४०० निघाले. दोन टप्प्यांत भरले, दाखला घेतला आणि नोंद बदलायला लेखी अर्ज दिला. पैसे भरायच्या आधीच नोंद बदलून देऊ, असं लेखी मागून घ्या. तिथल्या बाईंनी मला ते आपणहून सुचवलं, नाहीतर मी पुन्हा तोंडी शब्दावर गेलो असतो. ॲपचं कर्जही स्वतःच फेडलं. लॉकडाऊनमधले उशिराचे हप्ते मात्र खरे आहेत, ते कुणाच्या बापाला पुसता येत नाहीत. ते फक्त जुने होतात.

आता बँकेत २०,००० ची एफडी ठेवून तिच्यावर क्रेडिट कार्ड घेतलंय. त्यावर फक्त दुकानाचं लाइट बिल भरतो आणि तारखेआधी रक्कम टाकतो. दोन्ही बेबाकी दाखले बायकोनं सातबाऱ्याच्या पिशवीत घातलेत, मला हातही लावू देत नाही.

मागच्या महिन्यात ६६८ होता. साहेब म्हणाले, अजून थोडं थांबा. उन्हाळ्यात मोटारी जळायला लागल्या की चार पैसे येतील, तेव्हा पुन्हा जाऊन बघतो.