वेल्श शिकायची तर पुस्तकी की बोलीतली?

वेल्श ही ब्रिटनमधल्या वेल्सची भाषा. ‘मी दमलेलो नाही’ या वाक्याची सुरुवात पुस्तकी वेल्शमध्ये ‘निद उइव’ अशी होते. घरात, बसमध्ये, दुकानात मात्र ‘डू ई दिम’. आपल्या ‘असे’ आणि ‘असं’पेक्षा हे अंतर कितीतरी मोठं आहे. इथे क्रियापदाचं रूपच बदलतं.

पुस्तकी वेल्शला मोठा आधार मिळाला तो विल्यम मॉर्गन यांच्या १५८८ साली छापून आलेल्या बायबलच्या भाषांतराचा. ती भारदस्त आहे, आणि जुनं साहित्य वाचायचं तर तिला पर्याय नाही. पण त्या भाषेत दूध मागायला कुणी जात नाही.

बोलीची अडचण वेगळी. ती एकच नाही. दूध उत्तरेत ‘ल्लेव्रिथ’, दक्षिणेत ‘ल्लाएथ’. १९६०च्या दशकात शिकणाऱ्यांसाठी ‘कम्राइग ब्यू’, म्हणजे ‘जिवंत वेल्श’, अशी मधली वाट काढून पाहिली. ती फारशी रुजली नाही. कुणाच्याच घरची नसलेली बोली रुजणार तरी कशी?

माझं मत विचाराल तर आधी बोलीच शिका, आणि तीही एकाच भागाची. शेजारीण ज्या शब्दाने दूध मागते, तोच पहिला पाठ करा. ‘निद उइव’ पुढे वाचता वाचता कळेल.