इंजिन गरम, मागची बाजू थंड: जुन्या गार्डन ट्रॅक्टरच्या सौद्यातली फसवणूक

जाहिरातीत एवढंच होतं: 'कब कॅडेट १२३, इंजिन नवीन बांधलेलं, कामाला तयार.' फोटोत पिवळा-पांढरा रंग लख्ख, डिकल (स्टिकर) ताजे, टायर काळेकुळकुळीत. घेणारा पोचला तेव्हा इंजिन चालूच होतं. बंद करून पुन्हा चावी फिरवली, लगेच सुरू झालं. अंगणात दोन फेऱ्या झाल्या, पुढे-मागे करून झालं, गवत कापायचा डेक खालीवर झाला आणि पैसे दिले गेले. सगळं मिळून वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत खोटं असं एकच वाक्य बोललं गेलं, ते इंजिनाबद्दलचं. बाकीची फसवणूक न बोलताच झाली.

हा प्रकार एकट्या १२३ चा नाही. अमेरिकेतल्या जुन्या गार्डन ट्रॅक्टरच्या बाजारात याच पद्धतीने व्हील हॉर्सही विकले जातात आणि जॉन डिअर ११० सुद्धा. म्हणून हे यंत्र उघडल्यावर काय काय निघालं ते क्रमाने लिहितो आहोत.

१२३ हे इंटरनॅशनल हार्वेस्टरचं १९६० च्या दशकातलं मॉडेल, कब कॅडेटमधलं पहिलं हायड्रोस्टॅटिक. पुढे कोहलरचं एक सिलिंडरचं, १२ हॉर्सपॉवरचं के-३०१ इंजिन, मागे गिअर बदलण्याऐवजी तेलाच्या दाबावर चालणारं ट्रान्समिशन. या दोन भागांचा स्वभाव एकमेकांच्या उलट आहे आणि विकणाऱ्याचा सगळा खेळ त्यावरच चालतो. झिजलेलं इंजिन थंड सुरू करताना उघडं पडतं. झिजलेलं हायड्रो, म्हणजे हे ट्रान्समिशन, गरम झाल्यावर उघडं पडतं. त्यामुळे गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन जागेवर उभं ठेवून तापवायचं, ट्रॅक्टर मात्र हलवायचा नाही. गिऱ्हाईक आलं की दोन फेऱ्या मारू द्यायच्या, तिसरी होऊ द्यायची नाही.

घरी आणल्यावर पहिलं काम ऑइल बदलण्याचं. ड्रेन प्लग काढला तर ऑइल धारेने पडण्याऐवजी मधासारखं लोंबत खाली आलं. या इंजिनात हवामान गोठणबिंदूच्या वर असेल तर साधं एसएई ३० ऑइल लागतं, साधारण २ क्वार्ट (सुमारे १.९ लिटर). आत भरलं होतं गिअर ऑइलच्या जाडीचं काहीतरी. जाड ऑइलाने कनेक्टिंग रॉडची (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याची) खटखट दबते, पिस्टनच्या रिंगांवरून वर चढणारं ऑइल कमी होतं, धूरही कमी दिसतो. पण के मालिकेच्या इंजिनात ऑइल पंप नसतो. रॉडच्या खाली एक छोटा डिपर असतो. तो फिरताना ऑइल उडवतो आणि त्या शिंतोड्यांवरच क्रँक, कॅम, सिलिंडरची भिंत सगळं भिजतं. जाड ऑइल थंडपणी उडतच नाही, डिपर त्यात नुसती नळी कोरत फिरतो. झाकण्यासाठी टाकलेलं ऑइल असं स्वतःच रॉड खातं. शिवाय थंडीत ते इतकं घट्ट होतं की स्टार्टर-जनरेटरला इंजिन फिरवणं जड जातं. इंजिन आधीपासून चालू का होतं, याचं उत्तर इथे मिळालं.

एसएई ३० भरून इंजिन चालवलं. दहा-बारा मिनिटांत निळा धूर आला, आणि थ्रॉटल थोडा वरखाली केला की खालून टकटक ऐकू येऊ लागली. चालू इंजिनाची डिपस्टिक किंचित उचलली तर भोकातून फुसफुस हवा बाहेर येत होती. हे उलटं आहे. चांगल्या इंजिनात ब्रीदरचा (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या भागाचा) व्हॉल्व्ह क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकभोवतीच्या पोकळीत, हलकासा निर्वात ठेवतो, डिपस्टिक उचलताना ती आत ओढल्यासारखी वाटते. बाहेर हवा येत असेल तर एकतर ब्रीदर अडकलाय किंवा रिंगांवरून दाब खाली उतरतोय. या चाचणीला हत्यार लागत नाही, अर्धं मिनिट लागतं, आणि विकणाऱ्याच्या दारात करायला कुणाची हरकत नसावी.

हेड काढलं आणि खरी गंमत पुढे आली. के-३०१ चा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ३.३७५ इंच. इथे मोजला तर ३.२६४. झीज बोअर मोठा करते, लहान करत नाही. म्हणजे हा ब्लॉक के-२४१ चा होता, १० हॉर्सपॉवरचा. त्याचा मूळ बोअर ३.२५० असतो, आणि ३० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइज केला तरी ३.२८० च्या पुढे जात नाही. बाहेरून हे दोन ब्लॉक इतके सारखे दिसतात की फरक कळत नाही. मॉडेल, स्पेसिफिकेशन आणि सीरियल नंबर असतो तो पंख्याभोवतीच्या टिनाच्या आवरणावरच्या बिल्ल्यावर, आणि ते आवरण मोजक्या स्क्रूंवर बसतं. के-३०१ चं टिन के-२४१ वर चढवायला अर्धा तास पुरतो. कोहलरची हीच इंजिनं कब कॅडेट, व्हील हॉर्स, जॉन डिअर अशा अनेकांनी वापरली. सुटे भाग एकमेकांना चालतात म्हणून हा छंद परवडतो, आणि त्याच सोयीतून ही चोरवाट निघाली आहे.

'नवीन बांधलेलं' हेही अर्धवट खरं होतं. पिस्टनच्या डोक्यावर ०१० कोरलेलं होतं, म्हणजे कधीतरी बोअरिंग झालं होतं, पण सिलिंडर त्यानंतरही चार थाऊ झिजला होता. नवीन होता तो रॉड. या इंजिनातला रॉड ॲल्युमिनियमचा असतो आणि क्रँकपिनवर थेट फिरतो, मध्ये वेगळी बेअरिंग शेल नसते. पिनचं मूळ माप १.५०० इंच, आणि रॉड व पिनमध्ये एक ते दोन थाऊचीच जागा हवी. इथे पिन १.४९६ वर आली होती, शिवाय दोन थाऊ अंडाकृती. मॅन्युअलमध्ये अंडाकृतीची मर्यादा अर्धा थाऊ आहे. क्रँक ग्राइंड न करता अशा पिनवर स्टँडर्ड मापाचा नवा रॉड बसवला की काही तास इंजिन शांत चालतं, मग पुन्हा वाजायला लागतं. पुढे चालवत राहिलं तर रॉड तुटून ब्लॉकला भोक पडतं.

भोकावरून आठवलं. क्रँककेसच्या बाजूला, टिनाच्या मागे, हात फिरवून आणि टॉर्च मारून पाहायलाच हवं. ओतीव लोखंडाचा पृष्ठभाग खरखरीत असतो, इपॉक्सी भरलेला ठिगळ गुळगुळीत किंवा लाटालाटांचा लागतो आणि नखाने टोचल्यावर आवाज बद्द येतो. के-२४१ पासून वरच्या बऱ्याच इंजिनांत आत बॅलन्स गिअर असतात. त्यांचं बेअरिंग किंवा दांडा गेला की ते सुटून ब्लॉक आतून फोडतात. बांधणारे अनेक जण ते काढून टाकतात, कंप थोडा वाढतो एवढंच. आमचंही मत तेच. विकणाऱ्याला सहज विचारावं, 'बॅलन्स गिअर ठेवले की काढले?' ज्याने इंजिन खरोखर उघडलं आहे तो एका दमात उत्तर देतो. तसंच, बोअर किती ओव्हरसाइज, क्रँक किती अंडरसाइज, हेडचे बोल्ट किती फूट-पाउंडाला आवळले. या इंजिनांत ते २५ ते ३० ला, टप्प्याटप्प्याने आवळतात. 'सगळं नवीन टाकलंय' हे उत्तर नाही. मशीन शॉपची पावती असेल तर तिच्यावर हे आकडे असतातच.

कॉम्प्रेशन गेजवर मात्र विसंबू नका. दाब चांगला आहे म्हणून गेज लावून दाखवणारे आहेत आणि कमी आला म्हणून भाव पाडणारेही. यातल्या बहुतेक इंजिनांच्या कॅमवर ऑटोमॅटिक कॉम्प्रेशन रिलीज असतो, सुरू करताना तो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवतो, त्यामुळे स्टार्टरच्या वेगावरचा आकडा खोटाच येतो. लीकडाउन टेस्टर (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजणारं उपकरण) लावावा. तो नसेल तर प्लग जागेवर ठेवून, इग्निशन बंद करून फ्लायव्हील हाताने उलटं फिरवावं, तेव्हा दाबावर आपटून ते उसळी मारून परत यायला हवं. मऊपणे ओलांडून गेलं तर व्हॉल्व्ह किंवा रिंगा गेलेल्या आहेत.

प्लगच्या भोकातून जाणारा छोटा एंडोस्कोप कॅमेरा आता स्वस्त झालाय, तो जवळ असलेला बरा. सिलिंडरवरचे ओरखडे दिसतात, पिस्टनच्या डोक्यावरचा ओव्हरसाइजचा आकडा दिसतो. त्याहून उपयोगी म्हणजे, पिस्टन अर्ध्यावर असताना एकाने फ्लायव्हील हळूहळू मागेपुढे हलवायचं आणि दुसऱ्याने पडद्यावर पिस्टन बघायचा. फ्लायव्हील हललं पण पिस्टन जागचा हलला नाही, तर मधली ढिलाई रॉडची आहे.

आता मागची बाजू. पहिली वीस मिनिटं ट्रान्समिशन उत्तम चाललं. अर्धा तास गवत कापल्यावर चढावर ट्रॅक्टर मंदावला, लिव्हर पूर्ण पुढे असूनही जवळजवळ थांबला. तेल थंड असताना घट्ट असतं, पंप आणि मोटरमधल्या झिजलेल्या फटी ते भरून काढतं. तापून पातळ झालं की त्याच फटींतून निसटतं आणि जोर जातो. इथलं तेल वरून स्वच्छ सोनेरी दिसत होतं, कारण नुकतंच बदललं होतं. पूर्ण काढल्यावर तळाशी दुधाळ गाळ निघाला, म्हणजे वर्षानुवर्षं पाणी आत जात होतं. हे हायड्रो आणि मागचा डिफरन्शियल एकाच तेलात, हायट्रानमध्ये, चालतात. सुमारे ७ क्वार्ट लागतं, म्हणून धुवून काढण्याचा खर्चही मोठा येतो.

न्यूट्रलमधलं सरकणं हा आणखी एक दोष. पुढच्या चाकांना अडसर लावून मागची बाजू भक्कम स्टँडवर उचलावी, लिव्हर न्यूट्रलला ठेवावी. चाकं फिरता कामा नयेत. या कब कॅडेटमध्ये लिव्हर ज्या ट्रनियनला, म्हणजे पंपाच्या दांड्याला, हलवते तिच्या खाचा झिजतात, मग न्यूट्रल सापडत नाही आणि वेग धक्क्याधक्क्याने बदलतो. त्या वेल्डिंगने भरून पुन्हा कापता येतात. दोष बरा होणारा आहे, पण भाव ठरवताना माहीत हवा.

म्हणून जायच्या आदल्या दिवशी फोनवर एवढंच सांगा: आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. पोचल्यावर आधी हेडच्या पंखांवर तळहात ठेवा. कोमट लागलं तर सौदा त्या दिवशी होत नाही. थंड सुरू करून घ्या, पहिल्या मिनिटाचा धूर बघा, मग किमान चाळीस मिनिटं कामावर चालवा, चढावर सुद्धा. याला नकार मिळाला तर परतीचा रस्ता धरावा, रंग कितीही छान असो.

रंगाबद्दल थोडं. नवा रंग दोष नाही, पण तो कशावर बसलाय ते बघावं. हेडच्या बोल्टच्या खाचांत जुनं ग्रीस आणि त्यावर रंग असेल, तर तो बोल्ट कित्येक वर्षांत फिरलेला नाही, मग इंजिन कसं बांधलं? डेकवर लोहचुंबक फिरवा. जिथे तो पकड सोडतो तिथे पुट्टी आहे. टिनाखालचे पंख गवताने आणि उंदरांच्या घरट्यांनी भरलेले असतील तर इंजिन तापत होतं हेही नक्की.

संग्राहकांच्या यंत्रांत रंगाचीच फसवणूक मोठी असते. जॉन डिअरने १९६९ ते १९७१ मध्ये पांढऱ्या बॉडीवर पिवळं, लाल, नारिंगी किंवा निळं हूड आणि तसंच सीट असलेले ट्रॅक्टर काढले होते, ते 'पॅटिओ' नावाने ओळखले जातात आणि महाग जातात. साधं हिरवं यंत्र पांढरं करून तेच म्हणून विकणं अवघड नाही. बॅटरीच्या तळाखाली, डॅशच्या आतल्या बाजूला, सीटच्या कंसामागे खरवडून बघा, हिरवा निघाला तर विषय संपला. सीरियल प्लेटही तपासा. तिच्या कडेला जुनी रिकामी भोकं किंवा नवे पॉप रिव्हेट दिसले तर ती दुसऱ्या यंत्राची असू शकते. व्हील हॉर्स घेत असाल तर मागचं चाक उचलून हाताने मागेपुढे हलवा. हब ॲक्सलवर ढिला असेल तर की (हब आणि ॲक्सल एकत्र फिरवणारी पाचर) आणि तिची खाच दोन्ही खाल्लेल्या असतात, आणि कुणीतरी त्यावर नुसता बोल्ट आवळून वेळ मारून नेलेली असते.

यंत्र न बघता वाहतुकीसाठी आगाऊ रक्कम मागणाऱ्यांबद्दल जास्त लिहायला नको. त्यांचे फोटो सहसा दुसऱ्याचे असतात. आजची तारीख लिहिलेला कागद सीरियल प्लेटजवळ ठेवून फोटो मागा, बहुतेक गप्प होतात.

पैसे देताना पावतीवर विकणाऱ्याच्या हाताने लिहून घ्या: इंजिन मॉडेल के-३०१, बोअर अमुक, क्रँक अमुक, बांधल्याचा महिना. खासगी विक्रीत 'जसं आहे तसं' असा शब्द असतोच, पण इंजिन कुठलं आहे हे लेखी असलं तर निदान भांडायला कागद असतो. या १२३ च्या पावतीवर नुसतं 'ट्रॅक्टर, एक नग' लिहिलेलं होतं.

त्या इंजिनाची क्रँकपिन शेवटी १.४९० ला ग्राइंड झाली, १० थाऊ अंडरसाइजचा रॉड आला, बोअर ३.२७० केला, २० थाऊ ओव्हरसाइजचा पिस्टन बसला, बॅलन्स गिअर निघाले. टिनावरचा के-३०१ चा बिल्ला उतरवला आणि तिथे पत्र्याच्या तुकड्यावर के-२४१, १० हॉर्सपॉवर असं ठोकून लावलं. मोजमापांची पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून सीटखाली ठेवली आहे.