जुना पॉवर पॅक घ्यावा की जुना मोनोलाइट?

बंद पडलेल्या स्टुडिओंतून किंवा मुंबईत बोरा बाजारासारख्या ठिकाणी जुने स्टुडिओ फ्लॅश स्वस्तात मिळतात. बऱ्याचदा त्यांवरचं नाव कुणी ऐकलेलंही नसतं. असा माल दोन जातींचा: जमिनीवर ठेवायचा पॉवर पॅक आणि त्याला केबलने जोडलेली हेड (ट्यूब असलेले दिवे), किंवा सगळं एकाच डब्यात असलेला मोनोलाइट.

उजेडाच्या दर्जावर अडून बसू नका, ट्यूब दोन्हीकडे झेनॉनचीच. फरक कळतो ताकद उतरवताना. जुने पॅक बहुधा कपॅसिटरचे (फ्लॅशसाठी चार्ज साठवणाऱ्या भागांचे) काही गट बाजूला काढतात. व्होल्टेज तेवढंच राहतं, त्यामुळे फ्लॅश आणखी आखूड होतो. उडतं पाणी गोठवायचं असेल तर हेच हवं. जुन्या मोनोलाइटमध्ये व्होल्टेजच उतरतं, म्हणून फ्लॅश लांबतो आणि रंग किंचित पिवळट होतो. काही मॉडेलांत ताकद कमी केल्यावर आधीचा चार्ज आपोआप उतरत नाही. टेस्ट बटण दाबून रिकामा करावा लागतो, नाहीतर पुढचा फोटो ओव्हर, म्हणजे हवा त्यापेक्षा उजळ येतो.

खरी जोखीम कपॅसिटरची. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला ऑक्साइडचा थर पातळ होतो. एकदम पूर्ण चार्ज दिला की गळतीचा करंट वाढतो, कपॅसिटर तापतो, प्रसंगी फुटतो. म्हणून मोनोलाइट सर्वांत कमी ताकदीवर तासभर चालू ठेवावा, मग एकेक पायरी चढवत अधूनमधून फ्लॅश उडवावा. गट बदलणाऱ्या पॅकला ही युक्ती चालत नाही: चालू गटावर पहिल्या मिनिटापासून पूर्ण व्होल्टेज बसतं आणि बाकीचे गट कोरडेच राहतात. साधा ट्रान्सफॉर्मरवाला पॅक असेल तर सगळे गट जोडून व्हेरिॲकने (व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) मेनचं व्होल्टेज हळूहळू चढवतात. हे जाणकाराचं काम आहे. आतले कपॅसिटर मिळून केवढे? 400 ज्यूल आणि 360 व्होल्ट धरले तर सुमारे 6,200 मायक्रोफॅरड. प्लग काढल्यावरही त्यांतला चार्ज जीवघेणा असतो, तेव्हा स्वतः उघडू नका.

अनोळखी कंपनीचा पॅक अडतो तो हेडच्या प्लगवर. पिनांची मांडणी, व्होल्टेज आणि ट्रिगरची वायरिंग कंपनीगणिक वेगळी. एक हेड गेलं की दुसऱ्या कंपनीचं लावून भागत नाही. प्लग हातात घेऊन पिना बघाच. काळवंडलेल्या, खड्डे पडलेल्या असतील तर कुणीतरी चार्ज असताना प्लग ओढला आहे, आणि पॅकचं सॉकेटही आतून जळलेलं असणार. मोनोलाइटला मेनची केबल पुरते. त्याला बोवेन्स एस माउंट (सॉफ्टबॉक्ससारखी साधनं पुढे अडकवायची कडी) असेल तर फारच बरं: बोवेन्स ही ब्रिटिश कंपनी 2017 मध्ये गुंडाळली गेली, पण गोडॉक्ससह कितीतरी कंपन्या तेच माउंट वापरतात. सॉफ्टबॉक्स कुठेही मिळतो.

अमेरिकन पॅक 120 व्होल्टचा असतो. त्याला मोठा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो आणि स्वस्ताई तिथेच संपते. लेबलावर 220 किंवा 230 दिसलं तरच पुढची बोलणी करा.

सिंक सॉकेटचं (कॅमेऱ्याची वायर जोडायच्या जागेचं) व्होल्टेज दोन्हींत मोजा: युनिट चार्ज झालं की मल्टिमीटर डीसीवर ठेवून. जुन्या युनिटांत शंभर-दोनशे व्होल्टही निघतात. 24 च्या वर आकडा आला तर कॅमेऱ्याला थेट जोडू नका. ऑप्टिकल स्लेव्ह (दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पाहून हा फ्लॅश उडवणारा सेन्सर) वापरा, किंवा रेडिओ रिसीव्हरची मर्यादा बघून मगच तो लावा.

आमचा कौल अनोळखी नावासाठी मोनोलाइटलाच. पॅक घ्यायचाच असेल तर तो 230 व्होल्टचा हवा, दोन चालू हेड आणि एक सुटी ट्यूब सोबत हवी. पैसे देण्याआधी पूर्ण ताकदीवर ओळीने दहा फ्लॅश उडवून फ्लॅश मीटरवर पाहा. फरक 0.1 स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) आत राहिला तर ठीक, 0.3 गेला, किंवा मधेच एखादा फ्लॅश उडालाच नाही, तर किंमत अर्धी केली तरी घेऊ नका.