भरती-ओहोटी ट्रेसाठी सोळाशे रुपयांचा कंट्रोलर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

भरती-ओहोटी म्हणजे मातीविना भाजी वाढवताना खताचं पाणी ठरावीक वेळाने ट्रेमध्ये चढवायचं आणि परत उतरू द्यायचं. ऑक्टोबर ते मे, पुण्यातली गच्ची, शेडनेट, आणि रोज तीन ते पाच वेळा हे चढवणं-उतरवणं. एवढ्या वापरानंतर एक गोष्ट ठामपणे सांगता येते. ठरलेल्या वेळी पंप चालू करणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे, ते साधा टायमरही करतो. कंट्रोलर बनवायचा तो पंप वेळेत थांबावा आणि काही बिघडलं तर लगेच कळावं म्हणून. हे डोक्यात ठेवून बनवला तर पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे ते आपोआप ठरतं.

मांडणी अशी: चार बाय दोन फुटांचा ट्रे क्ले बॉलने (भाजलेल्या मातीच्या गोळ्यांनी) भरलेला, खाली १०० लिटरचा ड्रम, ड्रममध्ये १८ वॉटचा कुलर पंप. पाणी १२ सेंमीपर्यंत चढतं, वरच्या २-३ सेंमी गोळ्या कोरड्या राहतात. त्यामुळे वर शेवाळ धरत नाही. गोळ्यांमधल्या पोकळीचा हिशोब धरला तर एका भरतीला जवळपास ४० लिटर पाणी लागतं, आणि या उंचीवर ट्रे भरायला पाच मिनिटं. पंपाच्या खोक्यावरचा लिटरचा आकडा शून्य उंचीचा असतो, तो धरू नका. बादली आणि घड्याळ घेऊन आपल्या उंचीवर मोजा. पंप बंद झाला की पाणी त्याच पाइपातून, पंपातूनच उलटं ड्रममध्ये उतरतं, म्हणून या लाइनवर पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवायचा नाही.

सामान आणि सुमारे किंमत: आर्डुइनो नॅनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाची कॉपी २८०, डीएस३२३१ घड्याळ १५०, एक चॅनलचा ऑप्टो रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर पंपाची लाइन जोडणारा-तोडणारा स्विच) ८०, दोन फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून पातळी सांगणारे) २४०, डीएस१८बी२० तापमान सेन्सर १००, ५ व्होल्टचा अडॅप्टर २००, आयपी६५ (धूळ-पाणी आत न जाणारा) बॉक्स आणि चार केबल ग्लँड ३५०, बझर-झिरो पीसीबी-स्क्रू टर्मिनल-रेझिस्टर मिळून २००. एकूण १,६००. पंप, डिस्प्ले आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच लाइन तोडणारा स्विच) यात धरलेले नाहीत. मात्र त्या आरसीसीबीशिवाय २३० व्होल्टचा पंप पाण्यात सोडू नये. कुलर पंपाचं सील कधीतरी जातंच, आणि तेव्हा विजेचा धक्का तुम्हाला बसण्याआधी लाइन तुटली पाहिजे. ड्रममध्ये हात घालण्याआधी प्लग काढणं हेही तेवढंच गरजेचं.

ईएसपी३२ (वाय-फाय असलेला बोर्ड) न घेता नॅनो घेतला, कारण रिले ५ व्होल्टचा आणि फोनवर आकडे बघायची गरज नव्हती. ईएसपी३२ चे ३.३ व्होल्ट काही स्वस्त रिले मॉड्यूलना पुरत नाहीत: दिवा मंद होतो, पण रिले सुटत नाही. पंप सुरूच राहण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे.

आता मुख्य भाग, फ्लोट स्विच. एक ड्रममध्ये पंपाच्या थोडा वर, म्हणजे पंप कोरडा चालू नये. दुसरा ट्रेमध्ये १०.५ सेंमीवर. ओव्हरफ्लो पाइपचं तोंड १२ सेंमीवर आहे. फ्लोट त्याच्या खालीच हवा, नाहीतर पाणी तिथवर कधी पोचणारच नाही. पंप वरचा फ्लोट उचलला जाईपर्यंत चालतो, मग आणखी तीन मिनिटं पाणी ओव्हरफ्लोतून फिरतं आणि पंप बंद होतो. आठ मिनिटांत फ्लोट उचललाच गेला नाही तर पंप बंद आणि बझर चालू. आणि पंप बंद होऊन वीस मिनिटं झाली तरी फ्लोट खाली आला नसेल तरीही बझर. त्याची कारणं तीन: निचरा तुंबला, फ्लोट शेवाळाने अडकला, किंवा रिलेचे काँटॅक्ट चिकटून पंप चालूच राहिला.

दोन्ही स्विच पाणी असताना जोडलेले राहतील अशा दिशेने बसवा. वायर तुटली तर खालचा म्हणतो पाणी नाही, वरचा म्हणतो ट्रे भरला नाही. दोन्ही वेळा पंप थांबतो. दिशा उलटी वाटली तर टोकाची क्लिप काढून फ्लोट उलटा घालायचा, कोड बदलायची गरज नाही. हे स्विच आतल्या रीडवर (चुंबकाने जुळणाऱ्या बारीक पट्ट्यांवर) चालतात आणि बहुतेकांची क्षमता १० वॉटच असते, म्हणून पंपाची लाइन थेट त्यातून नेऊ नका. लांब वायरला नॅनोचा आतला पुलअप (पिन ५ व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर) कमी पडतो आणि पंप बंद होताना खोटी नोंद येते. बाहेरून ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावला आणि सलग दोन सेकंद एकच स्थिती दिसल्याशिवाय मानायची नाही असं ठरवलं, की लाटांमुळे होणारी चुळबूळही थांबते.

ओव्हरफ्लो पाइप आत येणाऱ्या पाइपपेक्षा जाड हवा. इथे आत येणारा १२ मिमी आणि ओव्हरफ्लो २५ मिमी, तोंडावर जाळीची टोपी, म्हणजे गोळ्या आत पडत नाहीत. कंट्रोलर पूर्ण मेला तरी पाणी गच्चीवर न सांडता ड्रममध्येच परत येतं. पैसे कमी असतील तर सेन्सर कापा, हा पाइप कापू नका.

कोडमध्ये दोन जागी हमखास चूक होते. पहिली: आठ मिनिटांची मर्यादा मिलिसेकंदांत ८ * ६० * १००० अशी लिहिली तर नॅनो हा गुणाकार १६ बिटमध्ये करतो आणि ४,८०,००० ऐवजी २१,२४८ उत्तर येतं, म्हणजे पंप २१ सेकंदांत बंद. आकड्यामागे यूएल (मोठ्या आकड्याची खूण) लावलं की सुटतं. दुसरी: नॅनोचं मिलिस घड्याळ (सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद मोजणारं) ४९.७ दिवसांनी शून्यावर येतं, म्हणून ‘आता उणे सुरुवात’ अशी वजाबाकी करून मर्यादेशी तुलना करायची; ‘सुरुवात अधिक मर्यादा’ अशी बेरीज केली तर त्या एका दिवशी गोंधळ होतो आणि तो पुन्हा पाहायला दीड महिना थांबावं लागतं. रिले लो-ट्रिगर (पिन लो झाली की चालू होणारा) असेल तर आधी पिन हाय लिहा आणि मग आउटपुट करा, नाहीतर प्रत्येक रीसेटला पंपाला क्षणभर झटका बसतो.

वॉचडॉग (कोड अडकला तर बोर्ड रीसेट करणारा टायमर) लावण्याआधी बूटलोडर (बोर्ड सुरू होताना आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) तपासा. नॅनोच्या बऱ्याच स्वस्त कॉप्यांमध्ये जुना बूटलोडर असतो. वॉचडॉगने रीसेट केला की तो त्याच चक्रात अडकून पडतो आणि बोर्ड मेल्यासारखा दिसतो. दुसरा आर्डुइनो प्रोग्रॅमर म्हणून वापरून ऑप्टिबूट हा नवा बूटलोडर टाकला की काम होतं.

डीएस३२३१ ची वेळ आठ महिन्यांत मिनिटभरही सरकली नाही. डीएस१३०७ घेऊन पंचवीस-तीस रुपये वाचतील, पण ते महिन्याला काही मिनिटं चुकतं. निळ्या मॉड्यूलवर मात्र बॅटरी चार्ज करायची सर्किट असते आणि सोबत साधा सीआर२०३२ सेल घातला तर तो फुगतो. डायोडशेजारचा २०० ओहमचा रेझिस्टर उपटून टाका, मग सेल निर्धास्त घाला.

रिले पंप बंद करताना सुरुवातीला डिस्प्लेवर निरर्थक अक्षरं यायची आणि कधी नॅनो रीसेट व्हायचा. पंपाच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरॅडचा एक्स२ (मेन्स लाइनवर चालणारा) कपॅसिटर आणि त्याच्याशी सिरीजमध्ये १०० ओहम, १ वॉटचा रेझिस्टर लावला की हे बंद झालं. हा जोड रिलेच्या काँटॅक्टवर लावू नका: रिले उघडा असतानाही त्यातून सात मिलीअँपिअरच्या आसपास करंट पंपाकडे झिरपत राहतो.

लाइट जाण्यावर खरा उपयोग दिसतो. खुंट्यांचा टायमर लाइट गेली की थांबतो आणि आली की तेवढ्याच मागे चालतो. इथे शेवटच्या यशस्वी भरतीची वेळ ईप्रॉममध्ये (लाइट गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) लिहिली जाते. लाइट आली की दोन मिनिटं थांबून, दिवस असेल आणि चार तासांपेक्षा जास्त वेळ झाला असेल तर एक भरती लगेच होते. ईप्रॉम झिजेल ही काळजी नको. एका जागेला एक लाख लेखनं धरली आणि दिवसाला पाच भरत्या झाल्या तर पन्नास वर्षं पुरतात.

थंडीत सात, बारा आणि पाच वाजता अशा तीन भरत्या पुरल्या. एप्रिल-मेमध्ये पाच केल्या, रात्री एकही नाही. ड्रममधलं पाणी ३० अंशांवर गेलं की त्यात विरघळलेला ऑक्सिजन २० अंशांच्या तुलनेत जवळपास सहाव्या भागाने कमी होतो आणि मुळं कुजायला लागतात, म्हणून बझरची मर्यादा २९ अंशांवर ठेवली. ड्रमला पांढरा रंग आणि सावली यांनी जेवढा फरक पडला तेवढा जास्त भरत्यांनी नाही. सेन्सरने ८५ किंवा उणे १२७ दाखवलं तर ते तापमान नव्हे: पहिला आकडा मोजणी होण्याआधीचा, दुसरा वायर सुटल्याचा.

पीएच (आम्लता) आणि टीडीएसचे (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे) प्रोब मुद्दाम लावले नाहीत. स्वस्त पीएच प्रोब सतत पाण्यात ठेवला की सरकत जातो, आणि त्याच पाण्यात टीडीएस प्रोब असेल तर दोघांचे आकडे एकमेकांना ओढतात. अशा आकड्यांवर खत आपोआप सोडणं म्हणजे पीक धोक्यात घालणं. हातातला मीटर आठवड्यातून दोनदा पुरतो. लेट्युससाठी ईसी (क्षारांमुळे येणारी विद्युतवाहकता) १.२ ते १.८ मिलिसीमेन्स प्रति सेंमी, पीएच ५.५ ते ६.५. उन्हाळ्यात पाणी उडतं आणि ईसी चढते, तेव्हा खताचं द्रावण न घालता साधं पाणी भरायचं.

सगळ्यात उपयोगी निघाला तो न विकत घेतलेला सेन्सर: ट्रे भरायला लागलेला वेळ. डिस्प्लेवर शेवटच्या दहा भरत्यांचे सेकंद दिसतात. ३०० वरून ३६० झाले की पंपाची जाळी धुवायची, हे दर तीन आठवड्यांनी येतं. उलट २४० झाले तर मागचं पाणी पूर्ण उतरलेलं नाही, बहुधा पालकाची मुळं निचऱ्याच्या (पाणी येतं-उतरतं त्या पाइपाच्या) तोंडात शिरलेली असतात. तिथे जाळीच्या टोपीऐवजी बारीक भोकांचा २० सेंमीचा पाइपचा तुकडा उभा केला, आणि मुळं आता बाहेरून कापता येतात.