तळेगावचं चीजचं दुकान: पाडव्याचा माल आलाय, ऊन वाढायच्या आत जाऊन या

गेल्या शनिवारी तळेगाव दाभाडेला परत जाऊन आले आणि ह्यावेळी लिहायचंच असं ठरवून आले. मागच्या वर्षी मी मे महिन्यात गेले होते तेव्हा शेळीच्या दुधाचं चीज संपलेलं होतं आणि दुकानातल्या ताई म्हणाल्या होत्या, "आता थेट पुढच्या पाडव्याला या हो". मला तेव्हा वाटलं ग्राहकाला आशेवर ठेवायला सांगतायत. पण तसं नव्हतं, ते चीज खरंच आंब्यासारखं सीझनचं आहे, आणि सध्या त्याचा सीझन चालू आहे.

शिवाजीनगरहून सकाळची लोणावळा लोकल पकडली, सोबत आई होती. स्टेशनला उतरून रिक्षाने दोन मिनिटं. दुकान म्हणजे एक साधा गाळा, पुढे काचेचं काउंटर आणि मागच्या बाजूला काचेतून दिसणारी छोटी खोली जिथे दूध तापवतात, विरजण लावतात, साचे भरतात. आम्ही पोचलो तेव्हा आत मलमलच्या फडक्यात बांधलेल्या पाच-सहा पुरचुंड्या टांगलेल्या होत्या आणि खाली पातेल्यात थेंब थेंब निवळी पडत होती. आईने ते बघितलं आणि पटकन म्हणाली, अगं हा तर चक्का टांगलाय! ताई हसल्या, म्हणाल्या, काकू अगदी बरोबर ओळखलंत, फक्त दूध शेळीचं आहे आणि विरजणाबरोबर रेनेटचे, म्हणजे दूध घट्ट लावणाऱ्या एन्झाइमचे, एक-दोन थेंब आहेत, रात्रभर लागू द्यायचं आणि मग फडक्यात टांगायचं. फ्रेंच लोक त्याला शेव्र म्हणतात. मी इतकी वर्षं चीज हे काहीतरी परकं, ब्रेडबरोबर खायचं असं समजत होते, आणि इथे पाडव्याच्या श्रीखंडासाठी आम्ही जे करतो त्याचंच ते सख्खं भावंड निघालं, त्यामुळे आईची पण भीड एकदम गेली आणि ती काउंटरला टेकून प्रश्न विचारायला लागली.

पहिला प्रश्न अर्थातच तोच, रेनेट कशाचं? हा प्रश्न विचारायला लाजू नका प्लीज. परंपरेने रेनेट वासराच्या पोटातून काढतात, इटलीच्या अस्सल पार्मिजानो रेज्जानोमध्ये तर तेच वापरायचा नियम आहे, म्हणजे शाकाहारी माणसाला ते चालत नाही. इथे मायक्रोबियल वापरतात, बुरशीपासून केलेलं, ताईंनी आतून बाटली आणून लेबल दाखवलं. आईचा जीव भांड्यात पडला आणि मग चव घेणं सुरू झालं.

शेळीच्या चीजबद्दल आधी सांगते कारण ह्या सीझनची खरी बातमी तीच आहे. दूध येतं संगमनेरी शेळ्यांचं, ही आपल्याच पुणे-नगर-नाशिक पट्ट्यातली जात. ज्यांच्याकडून दूध येतं त्यांच्या शेळ्या थंडीत व्यायल्या, आता करडं पाल्याला लागली की मग माणसांसाठी दूध उरतं, आणि ऊन तापलं की चारा आणि दूध दोन्ही आटतं, त्यामुळे अक्षय्य तृतीयेनंतर हे बंद असं ताईंनी स्पष्ट सांगितलं. रंग पांढराशुभ्र, गाईच्या दुधाच्या चीजला असतो तसा पिवळेपणा अजिबात नाही. मला वाटायचं ब्लीच वगैरे करतात की काय, पण गवतातलं कॅरोटिन गाईच्या दुधात तसंच उतरतं आणि शेळी (आणि म्हैस पण) त्याचं व्हिटॅमिन ए करून टाकते म्हणून दूध पांढरं, एवढंच. वास? आहे, पण नाक मुरडावं असा नाही. ताजं असेल तर हलका आंबटपणा, लिंबाच्या सालीसारखा काहीतरी, आणि शेवटी जिभेवर शेळीची ती ओळख राहतेच. ज्यांना ती नकोच आहे त्यांनी घेऊ नये, उगाच २६० रुपये (१५० ग्रॅमचे) घालवून नंतर फ्रीजमध्ये पडून राहायला नको.

आम्ही ते घरी कसं खाल्लं ते सांगते, भाजणीचं गरम थालीपीठ, त्यावर लोण्याच्या जागी हे, आणि बाजूला कैरीचा तक्कू. एवढंच. चीज गरम थालीपिठावर वितळून वाहत नाही, मऊ होऊन पसरतं आणि भाजणीतल्या धण्याजिऱ्याबरोबर जे काही होतं ना, आईने दुसरं थालीपीठ स्वतःहून मागितलं, जी एरवी मोजून एकच खाते. गूळ-कडुलिंबाच्या चटणीबरोबर पण खाऊन बघितलं, पाडवा होताच, पण ते जमलं नाही, कडू आणि आंबट एकमेकांना नडतात.

बाकीच्या मालात म्हशीच्या दुधाचं मोझरेला रोज सकाळी ताजं असतं, ते पण घ्याच. इटलीत नेपल्सच्या भागात म्हशीच्या दुधाचं करतातच, आणि आपल्याकडे म्हशीच्या दुधाला कमी नाही, त्यात फॅट साधारण सात टक्के म्हणजे गाईच्या दीडपट-दुप्पट, आणि ताजं असलं की कापल्यावर आतून दूध पाझरतं. ते गरम पाण्यात ताणून गोळे करताना बघायचं असेल तर नऊच्या आत पोचा. बुराटा (आत क्रीम भरलेला मोझरेलाचा गोळा) फक्त शनिवारी आणि फोन करून सांगितलं असेल तरच. निवळीतून निघालेला रिकोटा मात्र माझ्या मुलाने एकट्याने संपवला, महाबळेश्वरची शेवटची स्ट्रॉबेरी चालू आहे त्याबरोबर, वर थोडा मध. ती स्ट्रॉबेरी पण आता काही दिवसांचीच पाहुणी. मेथीदाण्याचा गौडा (डच पद्धतीचं मुरवलेलं चीज) नेहमीचाच चांगला, त्याबद्दल वेगळं काही नाही.

आता नाराजी. ब्री (वर पांढऱ्या बुरशीची साल असलेलं मऊ फ्रेंच चीज) मला कच्ची मिळाली. ही बाहेरून आत पिकत जाते, कडेला साय झालेली आणि मध्ये खडूसारखी घट्ट असेल तर समजायचं अजून वेळ आहे, माझी तशीच होती. पाडव्याच्या गर्दीमुळे घाईने काढली असणार. ताईंना फोन केला तर त्यांनी कारणं दिली नाहीत, म्हणाल्या कागदासकट डब्यात घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आठ दिवस ठेवा, नाही जमली तर बदलून देते. आज सहावा दिवस आहे, दाबून बघितली तर मऊ पडायला लागलीये. पण हे घेतानाच सांगायला हवं होतं ना, आणि पाकिटावर केव्हा बनवलं ती तारीख पेनाने लिहिलेली असते जी ओलाव्याने पुसली जाते, ते तर सुधारायलाच पाहिजे, ताज्या चीजमध्ये तारीख हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. फेटाचं (मिठाच्या पाण्यात ठेवलेलं ग्रीक चीज) मीठ पण मागच्या वेळेपेक्षा जास्त लागलं, अर्धा तास साध्या पाण्यात ठेवून मग वापरलं.

पाडव्यापासून वेळ बदललीये, सकाळी ८ ते १२ आणि संध्याकाळी ५ ते ८, दुपारी पूर्ण बंद कारण दर वेळी फ्रीज उघडला की गार ठेवायला त्रास होतो. सोमवारी सुट्टी. घरपोच पाठवणं पण आता थांबवलंय थेट पाऊस पडेपर्यंत. काही लोक ह्यावर नाराज आहेत असं ताई म्हणाल्या पण मला त्यांचं पटलं, मागच्या मे मध्ये मी स्वतः मोझरेला साध्या पिशवीत घेऊन लोकलमध्ये उभी राहिले आणि घरी पोचेपर्यंत ते आंबलं होतं, तो माझाच हलगर्जीपणा. ह्यावेळी आइस्क्रीमचा थर्मोकोलचा डबा आणि फ्रीजरमधल्या दोन जेल पिशव्या घेऊन गेले, सगळं गारेगार पोचलं. आणि घरी आल्यावर ते प्लॅस्टिकमधून काढा हो, बटर पेपरमध्ये गुंडाळून मग डब्यात ठेवा, प्लॅस्टिकमध्ये घाम येतो आणि दोन दिवसांत वास धरतं. खायच्या आधी बाहेर काढून ठेवायचं म्हणतात ते आपल्या चैत्रात दहा-पंधरा मिनिटं पुरे, अर्धा तास ठेवाल तर पसरेल.

येत्या शनिवारी परत जातेय, कारण आईच्या घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे आणि आंब्याची डाळ, पन्ह्याबरोबर काकडीच्या चकत्यांवर हे शेळीचं चीज लावून ठेवायचं असं तिनेच काढलंय, बायका विचारतील तेव्हा काय सांगायचं ते पण तिचं ठरलेलं आहे, शेळीचा चक्का. अर्धा किलो सांगून ठेवलंय. ताई म्हणाल्या डबा घरचाच आणा, म्हणून आईने तिचा कडीचा स्टीलचा डबा आत्ताच घासून माझ्याकडे देऊन ठेवलाय.