आठ ओहमची पट्टी आणि जळालेले ट्विटर

घरात गाणे ऐकण्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर वेगवेगळे घेऊन जोडणाऱ्यांनी ही हकिगत वाचावी, एवढ्याचसाठी ती सविस्तर लिहीत आहे. माझी फसवणूक झाली ती वस्तू नकली होती म्हणून नव्हे, तर एकमेकांना न चालणाऱ्या दोन वस्तू ‘जुळणारी जोडी’ म्हणून जाणूनबुजून गळ्यात मारल्या गेल्या म्हणून.

आमची बैठकीची खोली साधारण बारा बाय चौदा फुटांची असून घरात मुख्यतः शास्त्रीय गायन ऐकले जाते. पुण्यातील एका दुकानदाराने उभे टॉवर स्पीकर आणि त्यांच्यासाठी ‘खास जुळवलेला’ अ‍ॅम्प्लिफायर दाखवला. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे स्पीकरच्या टर्मिनलजवळ ‘८ ते १६ ओहम’ असे छापलेले होते (ओहम हे विद्युत रोधाचे एकक; आकडा जितका कमी, तितका स्पीकर जास्त प्रवाह ओढतो), म्हणून स्पीकर किती ओहमचे आहेत हे मी स्पष्टपणे विचारले. त्याने स्पीकर फिरवून मागची पट्टी दाखवली. तिच्यावर ‘८ ओहम’ असे ठळक लिहिले होते. ऐकून पाहताना आवाज भरदार आणि स्वच्छ आला. मात्र त्या वेळी स्पीकरच्या तारा काउंटरमागच्या स्विच-बॉक्समध्ये गेलेल्या होत्या आणि तेथून त्या फळीवरच्या एका मोठ्या, वजनदार अ‍ॅम्प्लिफायरला जोडल्या होत्या. मला खोक्यात बांधून दिलेला अ‍ॅम्प्लिफायर हा नव्हे, हे घरी आल्यावर कळले. नंतर विचारले असता ‘सर्किट तेच आहे साहेब’ असे उत्तर मिळाले.

घरी पहिल्यापासून आवाज जरा वाढवला की अ‍ॅम्प्लिफायर हात लावता येणार नाही इतका तापे. द्रुत लयीत तबला जोरात आला की आवाज फाटे, कधी मध्येच बंद पडे. पुढे उजव्या स्पीकरचा ट्विटर, म्हणजे उंच स्वर वाजवणारा छोटा भाग, गेला आणि त्यापाठोपाठ डावाही. तानपुऱ्याची झळाळी नाहीशी होऊन सगळे गाणे पांघरुणाआडून आल्यासारखे ऐकू येऊ लागले.

पुण्यातच पासोड्या विठोबाच्या परिसरात दुरुस्तीचे काम करणाऱ्या एका जाणत्या कारागिराने टॉवर उघडण्याआधीच मल्टिमीटरच्या दोन पिना टर्मिनलला लावल्या आणि आकडा मला दाखवला: ३.३ ओहम. मल्टिमीटर फक्त कॉइलचा डीसी रोध (एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाला होणारा) मोजतो, त्यामुळे आकडा छापील ओहमपेक्षा थोडा कमी येणे स्वाभाविक असते. आठ ओहमच्या स्पीकरला तो सहाच्या आसपास, तर चार ओहमच्या स्पीकरला तीन-साडेतीनच्या आसपास येतो. टॉवर उघडल्यावर कारणही दिसले. आत आठ-आठ ओहमचे दोन वूफर (खालचे स्वर वाजवणारे मोठे भाग) समांतर जोडलेले होते, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरला प्रत्यक्षात चार ओहमचाच भार लागत होता. मागची पट्टी तर नंतर चिकटवलेली होती. कारागिराने नखाने तिचा कोपरा उचलला तेव्हा खाली कारखान्याचा मूळ ‘४ ओहम’ हा छापा होता.

हा फरक किरकोळ नाही. एकाच टाकीला एकाऐवजी दोन नळ जोडावेत तसे येथे होते. १६ व्होल्टला आठ ओहमचा स्पीकर २ अँपियर ओढतो, चार ओहमचा ४ अँपियर. ज्या अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर, आउटपुट ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक आठ ओहमचा हिशेब धरून बसवलेले आहेत, त्याच्याकडून दुप्पट प्रवाह मागितला की तो तापतो, त्याचा व्होल्टेज कोसळतो आणि ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात. अशा छाटलेल्या लहरींत उच्च कंप्रतेची ऊर्जा वाढते. उंच आणि खालचे स्वर वेगळे करणारे स्पीकरमधले सर्किट, म्हणजे क्रॉसओव्हर, ती सरळ ट्विटरकडे पाठवतो आणि त्याची केसासारखी बारीक कॉइल जळते. दुकानदार मात्र शेवटपर्यंत ‘तुम्ही आवाज फार मोठा ठेवलात’ हेच म्हणत राहिला.

खोक्यावरच्या ‘२००० वॅट’ या आकड्याबद्दलही लिहिले पाहिजे. हा पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या कमाल शक्तीचा, आकडा असून तो मोजण्याची कोणतीही सर्वमान्य पद्धत नाही. त्याच अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या पाटीवर ‘२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, १२० वॅट’ असे होते. भिंतीतून १२० वॅट घेणारे यंत्र सतत २००० वॅट बाहेर देऊ शकत नाही. उष्णतेत जाणारा भाग वजा केल्यास दर चॅनेलला फार तर तीसेक वॅट आरएमएस (सतत मिळणारी खरी शक्ती) उरतात. माझे स्पष्ट मत आहे की आमच्या खोलीला तेवढे खरे वॅट पुरेसे होते, भार योग्य असता तर. उलट, वॅटचा आकडा फुगवून सांगणारे स्पीकरच्या संवेदनशीलतेविषयी, म्हणजे ठरावीक वॅटला तो किती डेसिबल आवाज देतो याविषयी, अवाक्षर काढत नाहीत. ८४ डेसिबलच्या स्पीकरला ९० डेसिबलच्या स्पीकरइतका आवाज काढायला चौपट वॅट लागतात, म्हणून खरेदीच्या वेळी हा आकडा आवर्जून विचारावा.

बिलावर फक्त ‘म्युझिक सिस्टीम, १ नग’ एवढेच लिहिले होते. आग्रह धरून मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून घ्यावेत, स्पीकरचे ओहमही बिलावर घ्यावेत आणि पैसे देण्यापूर्वी जो नग घरी न्यायचा तोच जोडून ऐकावा. मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. तो दुकानातच टर्मिनलला लावून पाहावा.

दुकानदाराने ट्विटर पैसे घेऊन बदलून देण्याची तयारी दाखवली. मी नकार दिला, कारण त्याच अ‍ॅम्प्लिफायरवर नवे ट्विटरही जळणारच होते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. तेथे तडजोड झाली नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचे शुल्कही नसते. आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासणीसाठी पाठवू शकतो. त्यामुळे दोन्ही टॉवर दुरुस्त न करता, अर्धी उचकटलेली पट्टी आणि जळालेले ट्विटर यांसह जसेच्या तसे ठेवले आहेत, आणि आतील जोडणीची छायाचित्रे कारागिराच्या लेखी अहवालासोबत जपली आहेत.